गुलाबाच्या जागा

शेषराव अमरावतीच्या तंत्रशाळेत यंत्ररेखन शिकवत. कोणतीही वस्तू समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही अंगांनी पाहिल्याखेरीज ती कळली असे म्हणू नये, हा त्यांचा वर्गातला पहिला पाठ होता आणि तो ते घरीही विसरत नसत. म्हणून त्यांची मुलगी दामिनी पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिचे चित्रण समोरून केले, बाजूने केले, आणि मग स्टुलावर चढून वरून केले. वरच्या चित्रणात वॉकरची चौकट, दामिनीचा भांग आणि शेषरावांची एक निसटती चप्पल एवढेच दिसते. दामिनीला सगळ्या चित्रणांत तेच आवडे, कारण त्याच्या शेवटी स्टूल पडल्याचा आवाज आहे.

दामिनी जन्मली ती उशिरा रडली. त्या उशिराचे पुढे सगळ्याच गोष्टींत व्याज लागले. बुद्धी लखलखीत, पण पायांना आणि जिभेला हुकूम पोचायला वेळ लागे. बोलता बोलता ती मध्येच थांबे. शब्द तयार असे, तोंड तयार नसे. थांबणे संपले की वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुढे जाई. नागपूरच्या डॉक्टरांनी हालचालींचे चित्रण ठेवायला सांगितले होते, म्हणजे फरक लक्षात येईल. शेषरावांनी त्यासाठी जुना कॅमेरा घेतला. डॉक्टरांनी पुढे चित्रण मागायचे सोडून दिले, पण शेषरावांनी करायचे सोडले नाही. वाढदिवस, पोळा, दातांचे पडणे, पहिल्यांदा सोललेली संत्री, सगळे कॅसेटींवर होते आणि कॅसेटी कपाटात उभ्या रांगेत होत्या.

दामिनी चौथी पास झाली त्या उन्हाळ्यात शेषरावांची बदली अकोल्याला झाली. अकोल्यात भाड्याच्या घरापासून जवळ अशी मराठी शाळा एकच होती. तिच्या मुख्याध्यापिका गावंडे बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शेषरावांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग अडचण सांगितली.

"सर, तास पस्तीस मिनिटांचा. वर्गात साठाच्या वर पोरं. एका पोरीनं उत्तर द्यायला वेळ घेतला तं बाकीचे काय करतील? बोंबलतील. मले सांगा, तिले बोलायले किती वेळ लागते?"

"फार नाही," शेषराव म्हणाले.

"फार नाही म्हणजे किती?"

शेषरावांना गोलमाल उत्तरे आवडत नसत, आणि आपणच एक दिले आहे हे त्यांच्या लक्षात आले. ते म्हणाले, "मी आपल्याला प्रत्यक्ष दाखवतो. चित्रफीत आणतो."

शाळेत शैक्षणिक कार्यक्रमांसाठी आलेला टीव्ही आणि व्हीसीआर होता. त्यावर आजवर फक्त क्रिकेट पाहिले गेले होते. बाईंनी होकार दिला.

ही शाळा नाही म्हणाली तर दुसरा मार्ग नागपूरच्या एका वसतिगृहाचा होता. शेषराव आणि त्यांची पत्नी रुख्मिणी ते पाहून आले होते. तिथे सगळे स्वच्छ होते. दामिनीला कोणता पलंग मिळेल तेही तिथल्या ताईंनी हात लावून दाखवले.  परत येताना गाडीत दामिनी वर्धा येईपर्यंत एक वाक्य जुळवत होती. वर्धा आल्यावर ते पूर्ण झाले: "तिथं रात्री मी हाक मारली... तं सकाळी पोचंल."

तेव्हा चित्रफीत चांगली व्हायलाच हवी होती.

चित्रणासाठी मोकळे, सपाट अंगण हवे म्हणून शेषराव कुटुंबासह तिवसा तालुक्यात सासुरवाडीला गेले. सासूबाई मनकर्णाबाईंचे अंगण नुकतेच सारवलेले होते. शेषरावांनी मध्यभागी तिपाईवर कॅमेरा लावला, चालू केला आणि उंची जमली की नाही हे पाहायला छपराच्या कडेला शिडी लावून चढले.

"जवाईबापू," मनकर्णाबाई खालून म्हणाल्या, "तुमी वरतं कायले चढले? पोरगी तं खाली हाय."

"वरून काय दिसतं ते पाहतो."

"वरून आमचं छप्पर दिसते. ते आमाले मालूम हाय, फुटकं हाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षांत त्या भागातल्या गावांत कॅमेरा येई तो एकाच कामासाठी येई. गाडीतून बातमीवाली माणसे उतरत, वाट विचारत, एखाद्या घरापुढे थांबत, आणि त्या घरात भिंतीवर जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या फोटोला नवा हार असे. मग कॅमेरा अंगणात उभा राही, बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढे, आणि आपापल्या दारातून गाव पाहत राही. लग्नाचे चित्रण तालुक्याला होई. गावात कॅमेरा म्हणजे काय, ते लहान पोरांनाही ठाऊक होते.

शेषरावांना मात्र ते सुचले नाही. त्यांचा कॅमेरा आजवर अमरावतीच्या क्वार्टरमध्येच चालला होता.

कुंपणावरून तिपाई दिसली आणि पहिल्यांदा समोरच्या गोदाबाई दारात आल्या. त्यांनी कॅमेरा पाहिला, छपरावरचे जावई पाहिले आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने नत्थुजी आले. नत्थुजी हे शेजारचे म्हातारे. त्यांनी धुतलेली टोपी घातली होती. फाटकातून आत येऊन ते ओट्यावर टेकले आणि जमिनीकडे पाहत बसले. त्यांच्यामागून आणखी दोघे आले, तेही टेकले. कोणी रामराम घातला नाही, कारण अशा वेळी घालत नाहीत. मग गोदाबाई आल्या. त्यांच्या डोक्यावर टोपले होते आणि टोपल्यात झाकलेले पिठले आणि भाकरी होत्या. ज्या घरात माणूस जातो त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजार जेवण आणतो.

मनकर्णाबाई टोपल्याकडे पाहत राहिल्या. "गोदे, हे कायले?"

"असू द्या माय," गोदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोराबाळायले तं खा लागते."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. आपल्याच घरातले कोणी गेले आणि आपल्यालाच कसे सांगितले नाही, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा. त्यांनी घाईने मुलीकडे, नातीकडे आणि शेवटी छपराकडे पाहून माणसे मोजून घेतली.

दामिनी अंगणाच्या मधोमध वॉकर धरून उभी होती. ती गोठ्यापासून तुळशीकडे निघाली होती आणि निम्म्यात दमली होती. नत्थुजींनी मान वर केली तेव्हा समोर तीच होती. त्यांनी तिलाच विचारले.

"कोण गेलं वं बाई?"

आता वऱ्हाडी बोलीची एक खोड लक्षात घेतली पाहिजे. पुण्याचा माणूस जेवतो आहे. वऱ्हाडातला जेवून राहिला. पुण्याची बाई चालते आहे. आमची चालून राहिली. हे राहणे प्रत्येक कामाच्या शेपटाला असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जावे असे वाटत असेल तर त्याच्या आधी थांबावे लागते, आणि थांबण्यात दामिनीचा हात धरणारे त्या तालुक्यात कोणी नव्हते.

"कोणी नाई गेलं, आबा," दामिनी म्हणाली. "मी चालून..."

आणि थांबली.

नत्थुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एक कोंबडी वॉकरच्या चार पायांमधून आरपार गेली. गोदाबाईंनी टोपले खाली ठेवले. छपरावर शेषराव चरफडले, कारण हे सगळे कॅमेऱ्यात जात होते आणि ते वाया जाणार होते.

"...राहिली."

सर्वांत आधी नत्थुजी हसले. ते हसताना त्यांचे खांदे हलत आणि आवाज होत नसे. मग ओट्यावरचे दोघे हसले, मग पदर तोंडाशी धरून गोदाबाई. हसणे संपल्यावर नत्थुजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "राहिली तं बरं केलं, बाई. राहा लागते."

मागच्या पोळ्यानंतर कॅमेरा आला होता तो नत्थुजींच्याच अंगणात. त्यांचा धाकटा मुलगा गेला होता. त्या दिवसानंतर ते हसलेले गावाने पाहिले नव्हते, हे गोदाबाईंनी नंतर रुख्मिणीला भांडी घासताना सांगितले. पिठले परत नेणे अपशकुनाचे, म्हणून सगळ्यांनी मिळून तिथेच खाल्ले. शेषराव छपरावरून उतरले आणि त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या आठवड्यात ते कॅसेट घेऊन अकोल्याला ताजनापेठेत जहीरच्या दुकानात गेले. जहीर त्यांचा जुना विद्यार्थी. यंत्ररेखनात दोनदा नापास झाल्यावर त्याने लग्नांच्या चित्रणाचा धंदा धरला आणि अकोल्यापासून बाळापूरपर्यंतची लग्ने त्याच्याकडे आली. शेषरावांना पाहून तो अजून उभा राही.

"जहीर, मला यातली थांबणी काढायची आहेत."

"मतलब, सर?"

"ती बोलताना मध्ये थांबते. तेवढे काढायचे. बाकी जसेच्या तसे."

घरी रुख्मिणीने हे ऐकले तेव्हा तिने पोळी लाटणे थांबवले होते. "तुमी पोरीले दुरुस्त करून राहिले?"

"पोरीला नाही, कॅसेटला."

"मंग शाळेत कॅसेट बसवा," असे म्हणून ती पुन्हा लाटू लागली होती.

काम सरळ होते. एका यंत्रावर मूळ चित्रण चालवायचे, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचे. दामिनी थांबली की शेषराव दुसरे यंत्र थांबवत. ती बोलली की सोडत. थांबण्याला थांबवले की चालणे उरते, हे गणित त्यांना पटले होते. त्यांचा अंगठा लवकरच इतका तरबेज झाला की मुलीचा श्वास पाहून तो बटणावर जाई.

पण उतरलेले चित्रण पाहिल्यावर जहीरने डोके खाजवले. प्रत्येक कापल्या जागी दामिनीची मान एकदम इकडची तिकडे होत होती. कोंबडी वॉकरमध्ये शिरताना दिसे आणि नाहीशी होई.

"सर, असं वाटून राहिलं का पोरीले उचकी लागली. इथं कायतरी टाका लागते. मायाजवळ तीन चीजा हायेत. दिल हाय, त्याच्यातून माणूस निघते. कबुतर हाय, उडते. आन् गुलाब हाय, उमलते."

शेषरावांनी तिन्ही पाहिले. हृदय मुख्याध्यापिकांना दाखवण्याजोगे नव्हते. कबुतर उडून जाई. प्रवेशाच्या कामात ते अर्थाने बरे दिसत नव्हते. उरला गुलाब. कळीपासून पूर्ण फुलापर्यंत तो उमले, पडदा भरून टाकी, आणि त्याच्या पाकळ्या बाजूला झाल्या की दामिनी पुढचा शब्द बोलत असे.

"नवरीच्या येंट्रीले टाकतो मी हे," जहीर म्हणाला. "पब्लिकले लय आवडते."

नत्थुजींचा प्रसंग काढावा की ठेवावा, यावर शेषरावांनी विचार केला. शेवटी ठेवला. त्यात दामिनी बाहेरच्या माणसाशी बोलत होती, आणि मधले काढल्यावर ती स्वच्छ म्हणत होती, मी चालून राहिली. यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

ठरलेल्या दिवशी तिघे शाळेत गेले. शेषरावांच्या एका खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी होती; प्रवेश झाला तर त्याचेही चित्रण व्हायला हवे होते. दामिनीने नवा फ्रॉक घातला होता आणि व्हरांडा ओलांडायला तिने आपला वेळ घेतला. चित्रफीत तिने पाहिली नव्हती. तिला आश्चर्य वाटावे अशी शेषरावांची इच्छा होती.

बाईंच्या खोलीत टीव्ही लागला. पडद्यावर दामिनीने आपले नाव सांगितले, गाव सांगितले, गुलाब उमलला, तेराचा पाढा म्हटला, गुलाब, गुलाब, अमरावती जिल्ह्याच्या नद्या सांगितल्या, गुलाब. बातम्या देणाऱ्या बाईसारखी ती बोलत होती. खुर्चीतली दामिनी पडद्यावरच्या दामिनीकडे तोंड उघडे टाकून पाहत होती. आश्चर्य तिला खरेच वाटले होते.

मग अंगण आले. म्हाताऱ्याने विचारले, कोण गेलं वं बाई. पडद्यावरची दामिनी म्हणाली, कोणी नाई गेलं, आबा, मी चालून, गुलाब, राहिली. आणि म्हातारा खांदे हलवत हसू लागला.

"चालून राहिली, छान," गावंडे बाई म्हणाल्या. "पण हे बुढेबाबा कायले हसले? पोरगी चालून राहिली म्हणते, आन् हे हसतेत?"

शेषरावांनी पडद्यावरच्या नत्थुजींकडे पाहिले.  विनोद तिथे होता आणि त्यांनी तो स्वतःच्या अंगठ्याने काढला होता, हे त्यांना त्या क्षणी यंत्राचा गाळलेला भाग हातात यावा तसे कळले.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "बोलते तं चांगली. उगाच भेलो आपण. बेटा, पडद्यावर सांगतलं तसं मले सांग बरं, नाव काय तुयं?"

दामिनी बाईंकडे वळली. शब्द तयार होता. तोंड तयार नव्हते.

बाई थांबल्या. मग त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे, मग शेषरावांकडे.

"सर, हीच ना ते पोरगी?"

रुख्मिणीने मान खाली घातली. वसतिगृहातला पलंग तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. शेषरावांच्या तर आलाच. त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलला, पण दाबायला तिथे काही नव्हते.

"...दामिनी," दामिनी म्हणाली. आणि मग, कोणी काही विचारायच्या आत, पडद्याकडे बोट करून: "ते गुलाब... हायेत ना."

"हायेत," बाई म्हणाल्या. "जरा जास्तच हायेत."

"जिथं जिथं गुलाब... तिथं मी थांबली हाय."

 बाईंनी टीव्हीकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या आतापर्यंतचे सगळे गुलाब आठवत असाव्यात असे दिसले, आणि ते बरेच होते.

"म्हणजे सर, तुमी पोरगी दाखवली आन् वेळ लपवला. मी तुमाले वेळच विचारला होता."

"होय," शेषराव म्हणाले.

"मंग आता ते दाखवा, गुलाबामागचं."

मूळ कॅसेट कॅमेऱ्यातच होती. शेषरावांनी पिशवी उघडली, कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. पिवळी पिन लाल भोकात घातली, काढली, योग्य ठिकाणी घातली. आयुष्यात प्रथमच त्यांची जोडणी चुकली होती.

पुन्हा अंगण आले. नत्थुजींनी विचारले, कोण गेलं. दामिनी म्हणाली, कोणी नाई गेलं, आबा, मी चालून...

पडद्यावर म्हाताऱ्याने टोपी काढली. कोंबडी आली. त्याच वेळी शाळेचे शिपाई खुशालराव दार ढकलून आत आले. त्यांच्या हातात सहीचे कागद होते. "बाई, शिक्षण खात्याचा..."

गावंडे बाईंनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

"थांबा, खुशालराव. गुलाब चालू हाय."

खुशालरावांना गुलाब कुठे दिसला नाही, पण ते थांबले. कोंबडी वॉकरमधून आरपार गेली. गोदाबाईंनी टोपले खाली ठेवले.

"...राहिली," पडद्यावरची दामिनी म्हणाली.

बाईंच्या तोंडून फस्सकन हसू निघाले. खुशालरावही हसले, ते तिवशाकडचे होते आणि कॅमेऱ्यापुढे 'कोण गेलं' का विचारतात ते त्यांना सांगावे लागले नाही. नत्थुजी पडद्यावर म्हणाले, राहिली तं बरं केलं, बाई, राहा लागते. त्यावर मात्र खुशालराव हसायचे थांबले आणि कागदांच्या कडा सारख्या करू लागले.

बाईंनी टीव्ही बंद केला. मग खुर्ची फिरवून दामिनीच्या समोर आणली.

"आता मी एकच विचारतो, आन् तुया बाबाकडे पाहणार नाई. तुले आमच्या शाळेत कायले या लागते?"

दामिनीने श्वास घेतला. शेषरावांनी सवयीने कॅमेरा चालू केला होता. भिंगातून त्यांना तिचा श्वास दिसला आणि त्यांचा अंगठा बटणावर गेला. त्यांनी तो तिथेच ठेवला, दाबला नाही. बाहेर तास संपल्याची घंटा झाली. वर्ग सुटून पुढचा भरायला लागला, व्हरांड्यात पोरांच्या चपला वाजल्या, शांत झाल्या. रुख्मिणीचे ओठ हलले. मुलीला शब्द द्यावा असे तिला वाटत होते, तो तिने गिळला. बाई हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. खुशालराव दाराशी उभे होते आणि त्यांनी टोपी काढली होती, ती का काढली ते त्यांनाही सांगता आले नसते.

"बाबाची..." दामिनी म्हणाली, "...बदली झाली."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. अधिक काही येते का म्हणून त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली. अधिक काही नव्हते.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं कायले येईन कोणी इथं."

त्यांनी खुशालरावांकडून कागद घेतले, सही केली आणि सही करतानाच म्हणाल्या, "खुशालराव, पाचवी वरच्या माडीवर हाय नं? ते खाली आणा. सहावीले वर पाठवा. सहावी बोंबलते, तिले जरा चढू द्या."

"आन् पोरं, बाई? हे पोरगी थांबली तं पोरं कलकल करतीन."

"करतीन दोन-चार दिवस. मंग वाट पाहायची आदत होईन. तुमाले आत्ताच झाली नं?"

शेषराव कॅमेरा आवरू लागले तेव्हा त्यांना बटण सोडता येईना. अंगठा बधिर झाला होता. रुख्मिणीने तो चोळून दिला. बाईंनी ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

जहीरचे दुकान वाटेतच होते. तो दारातच उभा राहिला.

"काय झालं, सर? गुलाब आवडला मॅडमले?"

शेषरावांनी खरे तेच सांगितले. "गुलाबामुळेच काम झालं."

जहीरचा चेहरा फुलला. "मी तं म्हटलंच होतं. नवरीलेही मी तेच टाकतो."

दामिनीने वॉकर थांबवला. तिला काही म्हणायचे होते. शेषराव, रुख्मिणी आणि जहीर तिघेही रस्त्याच्या कडेला, उन्हात, ती म्हणेपर्यंत उभे राहिले.